शंभर टक्क्यांचा खालचा आकडा

शंभर टक्के शुद्ध तूप विकणारा दुकानदार आणि शंभर टक्के निकाल लावणारी शाळा, हे दोघे एकाच वेळी समोरून आले तर मी आधी तूपवाल्याला नमस्कार करतो. त्याचं तूप निदान तळहातावर घेऊन हुंगता येतं.

हे मी उगाच बोलत नाही. पुण्यातल्या एका कॉलेजात अकरावी प्रवेशाच्या खिडकीमागे माझी उभी हयात गेली. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून चालू आहे. पेशवाईत शनिवारवाड्याच्या दरवाजातून जितके हत्ती गेले नसतील तितके बाप माझ्या खिडकीपुढून गेले, आणि हत्तींपेक्षा जास्त धुरळा उडवून गेले. खिडकी टीचभर. तिच्यातून माणसाचा चेहरा दिसे आणि हात. तेवढं पुरे. हात पुढे येण्याच्या तऱ्हेवरून मी टक्के ओळखायचो. चांगल्या गुणांचा बाप असेल तर आधी गुणपत्रिका आत येई, मागून हात. काठावरचा असेल तर आधी नमस्कार येई, मग मामाची ओळख येई, आणि गुणपत्रिका सगळ्यात शेवटी, घडी न उलगडता. एकदा तर नुसत्या खोकण्यावरून मी एका बापाला त्याच्या चिरंजिवांचे विज्ञानाचे गुण सांगितले. तो जागच्या जागी घेरी येऊन पडला. आमचे शिपाई अजून ही गोष्ट सांगतात. मीच त्यांना सांगून ठेवली आहे.

त्या काळी संगणक नव्हता. अर्ज आले की आम्ही ते गुणांच्या उतरंडीनं लावायचो, पहिली यादी दारावर चिकटवायचो आणि पोलीस बोलवायचो. यादी जितक्या वरच्या टक्क्याला बंद होईल तितकं कॉलेज थोर, अशी लोकांची समजूत. आमचं कॉलेज या हिशेबानं फारच थोर होतं. पण मी आतून बघत होतो. आम्ही हुशार पोर घ्यायचो आणि दोन वर्षांनी तेच हुशार पोर परत द्यायचो. दूध घेऊन दूधच परत देणाऱ्याला कोणी हलवाई म्हणत नाही. आम्हाला मात्र नामांकित म्हणत.

तेव्हापासून मला आकड्यांचा संशय यायला लागला, आणि संशय हा माझा जोडधंदा झाला. एका वर्षी गुणवत्ता यादीतला एक मुलगा खिडकीवर आला. त्याचा फोटो मी येता-येता तीन वेगवेगळ्या क्लासांच्या फलकांवर पाहिला होता, तिन्ही ठिकाणी एकच शर्ट.

"तिन्ही क्लासांत शिकलास?" मी विचारलं.

"नाही काका. एकात शिकलो. दोघांनी नंतर बोलावून सत्कार केला."

"आणि शर्ट?"

"तो पहिल्याच सत्कारात मिळाला होता."

पण खरी गोष्ट सांगायची ती शंभरीची. आमच्या शनिवार पेठेपासून हाकेच्या अंतरावर एक शाळा होती, अजून आहे. नाव तिचं भारदस्त, पण मी तिला शंभरी म्हणायचो. दरवाजाच्या आत डाव्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के निकालाची अखंड परंपरा' आणि खाली एकाखाली एक सालं. ती भिंत बघायला आईबाप मुलाला कडेवर घेऊन येत. पाळण्यातल्या पोराचं नाव ठेवायच्या आधी शंभरीत नाव घालणारे लोक मी पाहिले आहेत.

शंभरीत मुलांना पहिलीपासून एक सवय लावत. मोठं माणूस दिसलं की टाचा जुळवायच्या, हात मागे बांधायचे आणि म्हणायचं, 'नमस्कार, महोदय.' त्यातला 'हो' देवळातल्या घंटेसारखा लांबवायचा. पुण्यात दुसरं कोणी कोणाला महोदय म्हणत नाही. एवढा आदर इथे कोणाला परवडत नाही. त्यामुळे माझ्या खिडकीवर महोदय ऐकू आलं की मी मान वर न करता ओळखायचो, आली शंभरी.

एका जूनमध्ये धायरीच्या शाळेचा दाखला घेऊन एक मुलगा उभा राहिला. धायरी तेव्हा खेडं होतं. एस.टी. गावात शिरली की कोंबड्या उडत. तिथल्या शाळेचा निकाल इतका पडका, की मास्तर तो कुजबुजत सांगत. तर हा मुलगा टाचा जुळवून, हात मागे बांधून मला म्हणतो, "नमस्कार, महोऽऽदय."

मी चष्मा काढला. "बाळ, धायरीला महोदय कधीपासून पोचले?"

पोरगा गोरामोरा झाला. "नववीपर्यंत इकडेच होतो काका. मग बाबांनी दाखला काढला."

"का?"

"बाईंनी सांगितलं."

माझा कान एकदा उभा राहिला की तो बसत नाही. त्या आठवड्यात भलत्याच शाळांच्या दाखल्यांमागून मला तोच लांबवलेला 'हो' ऐकू यायला लागला. कोणी धायरीचा, कोणी बाहेरून परीक्षा दिलेला. घरं मात्र सगळ्यांची आमच्या पेठांत. मी रविवारी स्कूटर काढली आणि धायरी गाठली. तिथले हेडमास्तर, ज्यांना सगळं गाव गुरुजी म्हणे, ओसरीवर बसून पाटीवर आकृत्या काढत होते.

मी म्हटलं, "गुरुजी, तुमचा निकाल इतका कमी कसा?"

"निकाल कमी हाय, पोरं जास्त हायती," गुरुजी म्हणाले. "ज्याला कुणी घेत न्हाई ते हिकडं येतं. आमच्या दाराला कडीच न्हाई. त्यातली निम्मी घासूनपुसून तुमच्याकडं धाडतो. ती निम्मी मुळात कुणाची व्हती, ते तुमी बगा."

परतताना माझ्या डोक्यात लख्ख झालं. अपूर्णांक सगळ्यांनीच शाळेत शिकलेला असतो. वर पास झालेली मुलं, खाली परीक्षेला बसलेली. वरचा आकडा वाढवायचा तर वर्षभर शिकवावं लागतं. खालचा कमी करायला एक दुपार पुरते. नववीच्या निकालानंतर कच्च्या मुलाच्या पालकांना बोलवायचं आणि गोडीनं सांगायचं, की दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि मुलाला बाहेरून बसवा. बाहेरून बसलेलं मूल पास झालं काय नि नापास झालं काय, शाळेच्या भिंतीवर ओरखडा उठत नाही. सुटणाऱ्यांचीच गणती केली तर येरवड्याच्या तुरुंगाचाही निकाल शंभर टक्के लागेल.

हे सगळं माझ्या मनात मुरत असतानाच पुढच्या एप्रिलअखेरीला एके दिवशी सलीमभाई दारात उभे राहिले.

सलीमभाई अत्तार आमच्या गल्लीच्या तोंडावरचे. आजोबांपासूनचं दुकान. अत्तर, उदबत्ती, अष्टगंध, गुलाल. गणपतीत अर्धी पेठ त्यांच्याच दुकानातून पूजेला लागते. मोठा मुलगा जावेद दुकानात बसे आणि धाकटी नसरीन शंभरीत नववीत. निकाल नुकताच लागला होता.

"नाना, तेवढा एक अर्ज लिहून द्या," सलीमभाई म्हणाले. "तुमची भाषा सरकारी आहे."

"कसला अर्ज?"

"नसरीनचा दाखला काढायचाय. मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं होतं. म्हणाल्या, पोरीला दहावी झेपणार नाही, सतरा नंबरनं बसवा, ताण येणार नाही. फार प्रेमानं बोलल्या. चहासुद्धा पाजला."

"शंभरीत चहा?" मी सावध झालो. त्या शाळेत मंत्री आला तरी पाणी विचारत नाहीत. "सलीमभाई, जावेदच्या वेळी काय पाजलं होतं?"

ते थांबले. "सरबत," म्हणाले.

जावेदही शंभरीचाच. त्यालाही नववीनंतर असाच प्रेमानं बाहेर बसवला होता. बाहेर म्हणजे कुठे, हे कोणी सांगितलं नव्हतं. पोरगा फॉर्म भरायच्या आधीच दुकानाच्या गल्ल्यावर बसला, तो बसलाच. मी सलीमभाईंबरोबर दुकानात गेलो आणि जावेदला विचारलं, "तुझ्याबरोबर वर्गातले आणखी कितीजण गेले?"

"ते कुठे ठाऊक, नाना. प्रत्येकाला वेगळ्या दिवशी बोलावलं होतं." तो बाटल्या पुसत होता. "मला वाटलं, वर्गात मीच एकटा ढ."

मी सलीमभाईंकडे वळलो. मी म्हटलं, "अहो, तुमचा सगळा धंदा नाकाचा. बाटलीवर लिहिलंय म्हणून तुम्ही कधी माल घेतलात का?"

"कधीच नाही. झाकण काढतो, मनगटाला लावतो, मग बोलतो."

"मग शाळेची भिंत वाचून दोन पोरं कशी दिलीत?"

"शाळेचं झाकण कुठून काढायचं, ते सांगा," ते म्हणाले. 

तेवढ्यात नसरीन आतून आली. दोन वेण्या, डोळे रडून सुजलेले, पण आवाज ठणठणीत. "नाना, मी पास झालेय ना? काठावर का होईना. मग मला का काढतात? मला माझ्याच बाकावरून दहावी द्यायचीय. एकदा बाहेर गेले की जावेदभाईसारखी इथेच बसेन. मला माहितीय."

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. पास झालेल्या मुलीला शाळा आपण होऊन काढू शकत नाही. पालकानं अर्ज करून मागितला तरच दाखला मिळतो. म्हणून शाळा तो पालकाकडून मागवून घेते. आपल्याकडे बाईंनी सांगितलं की पालक मान डोलावतो, घरी जाऊन शुद्ध मराठीत आपल्याच पोराच्या हद्दपारीची विनंती लिहितो, आणि खाली 'आपला नम्र' म्हणून सही करतो. सुरीला स्वतःच धार लावून वर आभार मानणारी अशी कोंबडी तुम्हाला पुणे शहराबाहेर मिळायची नाही.

"काही करायचं नाही," मी सलीमभाईंना म्हटलं. "भांडायचं नाही, ओरडायचं नाही. फक्त अर्ज लिहायचा नाही."

"बाईंना नाही कसं म्हणायचं?"

"म्हणायचंच नाही. जायचं, बसायचं, परत यायचं."

मग सुरू झाला तो शाळेच्या इतिहासातला सर्वांत लांब वेढा. बाईंनी बोलावलं की सलीमभाई इस्त्रीचा सदरा घालून जायचे. एकदा चष्मा विसरला. एकदा हात मुरगळला. एकदा दिवस बरा नव्हता, आणि तो हिंदू पंचांगानं बरा नव्हता. प्रत्येक वेळी जाताना बाईंसाठी मोगऱ्याची उदबत्ती न्यायचे. मुख्याध्यापिकेची खोली इतकी घमघमायला लागली, की मुलं चपला बाहेर काढून आत जाऊ लागली.

शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, मराठीत अडचण असेल तर उर्दूत लिहा. आम्ही वाचून घेऊ."

सलीमभाई म्हणाले, "बाई, मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. उर्दू मला वाचताही येत नाही. आणि मराठीत असलं लिहायला माझा हात चालत नाही."

हे त्यांनी मला येऊन सांगितलं तेव्हा मी ओळखलं, की आता आपली गरज आहे. पुढच्या बोलावण्याला मीही गेलो. बाई उंच, पांढरी साडी, टेबलावर एकही कागद वाकडा नाही.

"आपण कोण?"

"शेजारी."

"शेजाऱ्यांची पालकसभा आम्ही अजून सुरू केलेली नाही."

"सुरू करा. फार येतील," मी म्हणालो आणि बसलो.

"हे बघा, आम्ही मुलीच्या हिताचं सांगतो आहोत. बाहेरून बसली तर तिला ताण नाही."

"आणि शाळेला?"

"शाळेला कसला ताण?"

"तेच विचारायला आलो." मी उठलो, टाचा जुळवल्या, हात मागे बांधले. "नमस्कार, महोऽऽदय. बाई, धायरीला तुमच्या शाळेची फार मोठी शाखा आहे. माझ्या खिडकीवर दर जूनला भेटते. निकाल तिथे लागतो, भिंत इथे रंगते."

 मला वाटलं, आता शिपायाला बोलावतात. पण बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही खिडकीवाले ना? मग ऐका," त्या म्हणाल्या. "एक मूल नापास झालं तर पुढच्या जूनला दारात निम्मे पालक दिसत नाहीत. मुलं कमी झाली की तुकडी बंद. तुकडी बंद झाली की माझे शिक्षक घरी. शिकवणं बघायला आजवर एक पालक वर्गात आलेला नाही. सगळे भिंतीपाशी थांबतात आणि तिथूनच फॉर्म मागतात. सलीमभाई, तुम्हीसुद्धा."

सलीमभाईंनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "खरंय बाई. चूक माझी. पण ती पोरीकडून का वसूल करता?"

बाईंनी पुन्हा बोलावलं नाही. जूनमध्ये नसरीन आपल्या बाकावर जाऊन बसली.

आता खालचा आकडा हलेना म्हटल्यावर शाळेला वरचा वाढवणं भाग पडलं. गणिताच्या एक बाई होत्या, त्यांनी नसरीनला मधल्या सुट्टीत धरून बसवायला सुरुवात केली. त्या वर्षी शंभरीत शिकवण्याचा असा काही दणका उडाला, की समोरच्या दुकानातला वाणीसुद्धा वर्गमूळ काढायला लागला. मी छाती फुगवून पेठेत फिरत होतो. वाटत होतं, पोरगी पास होणार, भिंतही खरी होणार आणि श्रेय मला मिळणार.

नसरीन गणितात नापास झाली. सगळ्या शाळेत ती एकटी.

शाळेच्या दारात आलेले पेढ्यांचे खोके परत गेले. दुकानात येऊन एक पालक सलीमभाईंना म्हणाले, "तुमच्यामुळे शाळेचं नाक कापलं." सलीमभाईंनी त्यांना अष्टगंध मोजून दिलं आणि म्हणाले, "नाकाचा धंदा आमचा आहे साहेब. शाळेला ते होतं हे मला माहीत नव्हतं." बोलले खरं, पण दुपारपासून फळी अर्धी लावून बसले.

मी बरेच दिवस त्या बाजूनं गेलो नाही. कॉलेजला जायला नदीकाठचा लांबचा रस्ता धरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर संशय घेतला होता. आता माझा स्वतःवरच बसला. पोरगी बाहेरून बसली असती तर नापास झाली असती, पण गुपचूप झाली असती. मी तिला भर चौकात पाडलं. शेवटी एकदा धीर करून दुकानात गेलो. नसरीन गल्ल्याशेजारी गणित सोडवत बसली होती.

"या नाना. ऑक्टोबरला परत बसतेय," ती म्हणाली.

"लोक बोलतात का फार?"

"बोलतात. पण जावेदभाईला सगळ्यांनी काढलं होतं. मी निदान माझी माझी पडले."

तिच्या समोर शंभरीच्या गणिताच्या बाई बसल्या होत्या. घरी येऊन शिकवत होत्या. मी त्यांना विचारलं, तुम्हाला कोणी पाठवलं. त्या म्हणाल्या, मी आपली सहज आले. भर पावसात दुपारचं शनिवार पेठेत कोणी सहज येत नाही. माझा आजवर पक्का संशय आहे, की मुख्याध्यापिका बाईंनीच त्यांना धाडलं होतं. पण पुरावा नाही. चांगुलपणाचा पुरावा मागे ठेवायची पुण्यात पद्धत नाही.

ऑक्टोबरात नसरीन पास झाली. पुढच्या जूनमध्ये माझ्या खिडकीत एक हात आला, गुणपत्रिकेसकट, घडी उलगडून. "नमस्कार, महोऽऽदय." मी मान वर केली नाही. चष्मा पुसायचा होता.

तिनं वाणिज्य शाखेतून पदवी घेतली, बँकेत लागली, लग्न झालं. मी निवृत्त झालो. गेल्या वर्षी ती रिक्षा घेऊन दारात आली. बरोबर तिची मुलगी झोया, पाचवीतून सहावीत जाणारी. "नाना, हिची शाळा बदलायचीय. तुमचं नाक बरोबर पाहिजे."

मी म्हटलं, सरळ धायरी. तिथल्या दाराला कडी नाही. गेलो. धायरीत आता कोंबडी औषधालासुद्धा नाही, नुसत्या इमारती. शाळेला काचेचं दार आणि वर फ्लेक्स, 'शंभर टक्के निकाल'. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आतल्या बाईंना मी माझा ठेवणीतला प्रश्न विचारला, जो तुम्हीही विचारत जा: नववीत मुलं किती आणि दहावीत किती? बाई म्हणाल्या, "सर, आमचं फोकस रिझल्टवर असतं." आणि त्यांनी आम्हाला कॉफी मागवली. मी नसरीनकडे पाहिलं. कॉफी यायच्या आत आम्ही रिक्षात होतो.

परत येताना तिनं रिक्षा शंभरीपाशी थांबवली. बाई कधीच निवृत्त झालेल्या. भिंत तशीच, नवा रंग दिलेली, 'अखंड परंपरा' आणि खाली सालांची ओळ. झोया बोट ठेवून वाचत गेली आणि मध्येच थांबली.

"अम्मी, इथलं एक साल कुठे गेलं?"

"ते मी नेलं," नसरीन म्हणाली.

 नसरीन मला म्हणाली, "नाना, इथेच घालू हिला. या भिंतीला एकदा तरी नापास होता आलंय. बाकीच्यांना तेही जमलेलं नाही."

मला पटलं, पण संशय कसा जाईल. फॉर्म घेऊन बाहेर पडताना मी म्हणालोच, "नववीनंतर बोलावतील हं. चहा पाजतील, अर्ज मागतील."

"मागू देत," नसरीन म्हणाली आणि झोयाचा हात धरून रिक्षात बसली. "असलं लिहायला आमच्या घरात कोणाचाच हात चालत नाही."